टाचूबाईचा कापूस आणि 'आलोच हं!'

होती एक टाचूबाई.
केवढी? बाबांच्या अंगठ्याएवढी!
पाठ हिरवी, पोट पांढरं, डोक्यावर तांबूस टोपी.
आणि शेपटी? वर! झोपताना सोडलं तर कायम वर!

टाचूबाई होती शिंपीण. शिंपी पक्ष्यांतली शिंपीण. चोच हीच तिची सुई. कोळ्याचं जाळं हाच तिचा दोरा. झाडाचं पान हेच तिचं कापड. कात्री नाही, मशीन नाही, कुणी शिकवलं नाही. तरी बसायची आणि शिवायची. टच टच टच!

कोलत्यांच्या घरामागे होतं अंजिराचं झाड. मोठ्ठाली पानं. टाचूबाईनं दोन पानं जवळ ओढली. टच टच टच, काठाला काठ जोडला. झाली पिशवी! आणि काय सांगू तुम्हाला, एक टाका वाकडा नाही हो. वाऱ्यानं हलली, पण उसवली नाही. अशी ती टाचूबाई!

आता पिशवीत काय हवं? मऊ मऊ गादी. कारण संध्याकाळी टाचूबाई अंडी घालणार होती. इवली इवली अंडी. गादी नसली, तर अंड्यांना टोचणार. टोचलं, तर अंडी फुटणार. मग पिल्लं कुठून येणार?

म्हणून टाचूबाई लांब गेली. शेताच्या कुंपणाला कापूस अडकला होता. तो तिनं चोचीत धरला. पांढरा पांढरा, मऊ मऊ. ऊन मी म्हणत होतं. वारा कुठं दिसत नव्हता. टाचूबाई दमली. कोलत्यांच्या खिडकीत टेकली. कापूस खाली ठेवला. जरा कुठं श्वास घेतला, तोच...

भुर्र!

कापूस उडाला. खोलीत शिरला. वर वर गेला. पंख्याखाली फिरू लागला. गरगर गरगर!

"अगं बाई! माझा कापूस!"

खोलीत कोण होतं? कुणी नाही. पलंग रिकामा. खुर्ची रिकामी. आणि पंखा? पंखा आपला फिरतोय. गरगर गरगर. कुणासाठी? कुणास ठाऊक!

आत जावं, तर पात्याचा फटका बसणार. फटका बसला, तर पंख मोडणार. टाचूबाई खिडकीतूनच म्हणाली,

"पंखेदादा पंखेदादा, थांब ना.
कापूस सुटेना, घरटं होईना,
अंडी ठेवू कुठं?"

पंखा म्हणाला, "गरगर गरगर! मी कसा थांबू? मितू म्हणाली, 'आलेच हं!' आणि गेली. सकाळपासून फिरतोय. मान दुखली. मितू येईल, बटण दाबेल, तर मी थांबेन."

टाचूबाई रडली का? छे! रडत बसेल ती टाचूबाई कसली!
शेपटी वर, चोच पुढं.
टुप टुप टुप, फुर्र!

मितू म्हणजे कोलत्यांची छोटी मुलगी. कुठं होती मितू? स्वयंपाकघरात. फ्रिजचं दार सताड उघडं, आणि समोर मितू. काय करत होती? गार हवा खात होती! फ्रिज बिचारा घुर्र घुर्र करत होता. पोटातलं सगळं गार बाहेर चाललं होतं.

टाचूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. म्हणाली,

"मितू गं मितू, बटण दाब ना.
पंखा थांबेना, कापूस सुटेना,
घरटं होईना, अंडी ठेवू कुठं?"

मितू म्हणाली, "अंहं! मी कशी हलू? मला पन्हं हवंय. बाबा म्हणाले, 'आलोच हं!' आणि गेले. बाबा पन्हं देतील, तर मी हलेन."

टाचूबाई रडली का? छे!
शेपटी वर, चोच पुढं.
टुप टुप टुप, फुर्र!

बाबा कुठं होते? मधल्या खोलीत. हातात इस्त्री. इस्त्रीचा लाल दिवा पेटलेला. इस्त्री तापून बसलेली, फुस्स फुस्स! आणि टेबलावर कपडा? कपडाच नाही. बाबा नुसतेच इस्त्री धरून उभे.

टाचूबाई खिडकीच्या गजावर बसली. म्हणाली,

"बाबा हो बाबा, पन्हं द्या ना.
मितू हलेना, पंखा थांबेना,
कापूस सुटेना, घरटं होईना,
अंडी ठेवू कुठं?"

बाबा म्हणाले, "मी कसा येऊ? एक ओढणी राहिलीय. मितूची आई म्हणाली, 'आलेच हं, ओढणी आणते!' आणि गेली. इस्त्री तापवून ठेवलीय तिच्यासाठी. ओढणी येईल, इस्त्री उरकेल, तर मी पन्हं देईन."

टाचूबाई रडली का? छे!
शेपटी वर, चोच पुढं.
टुप टुप टुप, फुर्र!

आई कुठं होती? मागच्या अंगणात. खांद्यावर ओढणी. बोट मोटरच्या बटणावर. कान गच्चीकडे. पाण्याची मोटर चालली होती, भर्रर्र भर्रर्र! पाणी खालून वर, वर, वरच्या टाकीत.

टाचूबाई नळावर बसली. म्हणाली,

"आई गं आई, ओढणी दे ना.
इस्त्री उरकेना, मितू हलेना,
पंखा थांबेना, कापूस सुटेना,
घरटं होईना, अंडी ठेवू कुठं?"

आई म्हणाली, "काय? मोठ्यानं बोल गं! मोटरच्या आवाजात ऐकू येत नाही."

मग टाचूबाई ओरडून म्हणाली. गळ्याची शीर ताणून म्हणाली. एवढासा जीव, पण आवाज केवढा!

"आई गं आई, ओढणी दे ना!
इस्त्री उरकेना! मितू हलेना!
पंखा थांबेना! कापूस सुटेना!
घरटं होईना! अंडी ठेवू कुठं?"

"अगं, मी कशी येऊ?" आई म्हणाली. "इथून हलले आणि टाकी भरून वाहिली, तर? आजोबा म्हणाले, 'आलोच हं, टाकी बघून!' आणि गेले. आजोबा वरून 'भरली!' म्हणतील, मोटर थांबेल, तर मी ओढणी देईन."

टाचूबाई रडली का? डोळ्यांत पाणी आलं होतं थोडं. खोटं कशाला सांगू? ऊन कलायला लागलं होतं. पण पाणी तिनं पंखानं पुसलं.
शेपटी वर, चोच पुढं.
टुप टुप टुप, फुर्र!

उडता उडता टाचूबाईनं काय पाहिलं? घराच्या पलीकडून पाणी पडतंय. धो धो धो! अहो, टाकी कधीचीच भरली होती! पाणी चाललं होतं वाहून. तुम्हाला दिसलं, मला दिसलं, टाचूबाईला दिसलं. घरात मात्र कुणालाच दिसलं नाही.

आजोबा कुठं होते? गच्चीवर? नाही हो! गच्चीपर्यंत पोचलेच नाहीत. अर्ध्या जिन्यात गुडघे दुखले. बसले तिथंच. जिन्याची खिडकी बंद, म्हणून अंधार. अंधार, म्हणून डोक्यावर दिवा. बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवा! भरदिवसा दिवा!

टाचूबाई गच्चीच्या दाराच्या फटीतून आत आली. कठड्यावर बसली. म्हणाली,

"आजोबा हो आजोबा, 'भरली' म्हणा ना.
मोटर थांबेना, इस्त्री उरकेना,
मितू हलेना, पंखा थांबेना,
कापूस सुटेना, घरटं होईना,
अंडी ठेवू कुठं? आणि आजोबा, टाकी भरली हो!"

आजोबा म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून मी म्हणू होय? मुळीच नाही! स्वतःच्या डोळ्यांनी बघीन, तेव्हाच 'भरली' म्हणेन. ही खिडकी उघडली की टाकी समोर दिसते. कडी मी काढलीय. पण झडप अडकलीय. दिवाळीपासून उघडलीच नाही ना! खिडकी उघडेल, तर मी बघीन."

टाचूबाई खिडकीजवळ गेली. टुप टुप टुप. म्हणाली,

"खिडकीबाई खिडकीबाई, उघडा ना.
आजोबा बघेनात, मोटर थांबेना,
इस्त्री उरकेना, मितू हलेना,
पंखा थांबेना, कापूस सुटेना,
घरटं होईना, अंडी ठेवू कुठं?"

खिडकी म्हणाली, "कर्रर्र! मी कशी उघडू? बसून बसून अंग आखडलंय माझं. वारा येईल, धक्का देईल, तर मी उघडेन."

टाचूबाई रडली का? छे! आता तर मुळीच नाही.
शेपटी वर, चोच पुढं.
टुप टुप टुप, फुर्र!

वारा कुठं होता? कडुलिंबाच्या झाडात. पानं पांघरून झोपला होता. घुर्र फू, घुर्र फू! टाचूबाई त्याच्या कानाशी बसली. मोठ्ठा श्वास घेतला. आणि एका दमात म्हणाली. तुम्हीपण म्हणा बरं!

"वारोबा वारोबा, धक्का दे ना.
खिडकी उघडेना, आजोबा बघेनात,
मोटर थांबेना, इस्त्री उरकेना,
मितू हलेना, पंखा थांबेना,
कापूस सुटेना, घरटं होईना,
अंडी ठेवू कुठं?"

वाऱ्यानं डोळे उघडले. म्हणाला, "एवढंच ना? आलोच हं!"

"नको रे बाबा!" टाचूबाई किंचाळली. "ते तेवढं म्हणू नकोस! मितू म्हणते आलेच. बाबा म्हणतात आलोच. आई म्हणते आलेच. आजोबा म्हणतात आलोच. येत कुणीच नाही!"

वारा हसला. "अगं वेडे, मी वारा आहे. मी म्हणतो आणि येतो."

आणि आला की!

सूंऽऽऽ... धाड!

खिडकी उघडली. सताड उघडली. जिन्यात ऊन आलं, हवा आली. आजोबांची टोपी उडाली.

"वा वा वा! काय झुळूक आहे!" आजोबा म्हणाले. "आणि दिवा कशाला जाळतोय मी?" टिक! दिवा बंद.

मग आजोबांनी बाहेर पाहिलं. टाकी धो धो वाहतेय! आजोबा ओरडले, "भरली! भरली! अगं भरली!"

आईनं ऐकलं. टिक! मोटर बंद. भर्रर्र... भर्र... चुप!
आई धावली. ओढणी बाबांना दिली.

बाबा म्हणाले, "अरेच्चा! इस्त्री तर केव्हाची तापलीय. आता बटण कशाला चालू?" टिक! इस्त्री बंद. आणि उरलेल्या उष्णतेवर ओढणी झाली की नाही कडक? झाली! हुशार हो बाबा. जरा उशिरा हुशार, पण हुशार.

बाबा धावले. कैरीचं पन्हं केलं. मितूला दिलं.

मितूनं फ्रिजचं दार लावलं. ढप! फ्रिज म्हणाला, "हुश्श!"
मितू पन्हं प्यायली. गट गट गट. मिशा आल्या पन्ह्याच्या! आणि मितू धावली. खोलीत गेली. स्टुलावर चढली.

टिक!

गरगर गरगर... गरगर... गर... गर... गर...

थांबला! पंखा थांबला. "आई गं, माझी मान!" पंखा म्हणाला.

आणि कापूस? कापूस खाली येऊ लागला. हळू हळू. डुलत डुलत. पण थांबा! वारा आता घरभर फिरत होता. या खिडकीतून त्या खिडकीत. कापूस पुन्हा उडाला तर?

"वारोबा!" टाचूबाई ओरडली.

वाऱ्यानं काय केलं माहितीये? श्वास रोखला. गाल फुगवले आणि गप्प उभा राहिला. पान हलेना. पडदा हलेना. तुम्हीपण रोखा बरं श्वास!

कापूस आला... आला... आला... मितूच्या तळहातावर अलगद बसला.

मितूनं हात खिडकीबाहेर धरला. टाचूबाई आली. कापूस चोचीत घेतला. फुर्र! थेट अंजिराच्या झाडावर.

मग वाऱ्यानं श्वास सोडला. हुऽऽऽश!

घरात आता पंखा नाही, मोटर नाही, घुर्र नाही, भर्र नाही. एवढं शांत घर आजवर कधी झालंच नव्हतं. आणि त्या शांततेत एक आवाज आला.

टच टच टच.

"हे काय वाजतंय?" आजोबा म्हणाले. सगळे खिडकीशी जमले. मितू पुढं, आई मागं, बाबा त्यामागं, आजोबा टाचा उंच करून. सगळ्यांनी पाहिलं. दोन पानांची पिशवी. बारीक बारीक टाके. आत पांढरी गादी. आणि टाचूबाई चोचीनं गादी सारखी करतेय.

"आई, हिला शिवण कुणी शिकवलं?" मितूनं विचारलं.

"कुणी नाही गं," आई म्हणाली.

"आणि मशीन?"

"मशीन नाही की वीज नाही," आजोबा म्हणाले. "कमाल आहे बाई हिची! एवढीशी ती, आणि सगळ्या घराला कामाला लावलं."

 बाबा नुसते बघत राहिले. मग दाराजवळच्या विजेच्या मीटरकडे गेले. मीटरचा लाल ठिपका रोज पळायचा, टिपटिपटिपटिप! धापा टाकायचा. आज कसा? टिप... आणि मग कितीतरी वेळानं... टिप. आरामात चालला होता.

संध्याकाळ झाली. टाचूबाईनं अंडी घातली. मऊ मऊ गादीवर. एकही फुटलं नाही!

त्या दिवसापासून कोलत्यांच्या घरात एक नियम झाला. 'आलेच हं' म्हणायचंय? खुशाल म्हणा. पण आधी टिक, मग आलेच! मितू खोलीतून निघाली की टिक, आलेच हं! बाबा निघाले की टिक, आलोच हं! इस्त्री केव्हा लावायची? सगळे कपडे जमले की. मोटर केव्हा लावायची? आजोबा खिडकीत बसले की. आणि जिन्यातल्या खिडकीचं नाव काय माहितीये? वारोबाचं दार! ते दिवसभर उघडंच.

पुढं विजेचं बिल आलं. बाबांनी बघितलं. उलटून बघितलं. म्हणाले, "अगं, हे शेजाऱ्यांचं तर नाही ना आलं चुकून?"

"आपलंच आहे," आई म्हणाली. "टाचूबाईला थँक्यू म्हणा."

बाबा खिडकीत गेले आणि खरंच थँक्यू म्हणाले. टाचूबाईनं शेपटी उडवली. तिला वेळ कुठं होता? ती अंडी उबवत होती.

मितू रोज खिडकीत यायची. हळूच विचारायची, "टाचूबाई, पिल्लं कधी येणार?"

टाचूबाई गप्प.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "टाचूबाई, पिल्लं कधी येणार?"

टाचूबाई गप्प.

एके दिवशी सकाळी मितू आली. पंखा बंद होता. घर शांत होतं. वारा हळूच आत येत होता. मितूनं विचारलं, "टाचूबाई, पिल्लं कधी येणार गं?"

तेवढ्यात पानांच्या पिशवीतून आवाज आला. टक... टक... टक! आणि अंड्याच्या आतून, अगदी बारीक आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"आलोच हं!"

आणि आली की खरंच!